डस्टर नसलेला वर्ग

डस्टर शोधायला बाईंचा डावा हात सवयीने फळ्याखालच्या कठड्यावर गेला. कठड्यावर खडूची भुकटी होती, दोन तुटके खडू होते, डस्टर नव्हतं. हात तरी चाचपडत राहिला, दिवे गेल्यावर काडेपेटी शोधावी तसा, आणि मग बाईंना आठवलं की या वर्गात डस्टर ठेवतच नाहीत.

मागे एक्केचाळीस मुलं बसली होती. बावीस वर्षं मुलांकडे पाठ करून लिहिणाऱ्याच्या पाठीला कान फुटतात. कुठल्या बाकावर कुजबुज आहे, कोण चोरून डबा उघडतंय, हे बाईंना न वळता कळे. आत्ता त्या कानांना काहीच ऐकू येत नव्हतं. वर्गातली शांतता त्यांना नवी नव्हती. पण आजवर ती त्यांच्या धाकाने पडत आली होती, आणि आज धाक शेवटच्या बाकावर बसलेल्या सरांचा होता.

फळ्यावर एकच ओळ होती. छापल्यासारखं अक्षर, खाली दुहेरी रेघ: ऋण × ऋण = धन.

पाच मिनिटांपूर्वी बाईंनी टेबलावरच्या डब्यातून चिठ्ठी उचलली, तेव्हा त्यांना हसूच आलं होतं. 'दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन असतो हे सिद्ध करा.' सातवी, धडा तिसरा. हा धडा त्यांनी हजारेक मुलांना तरी शिकवला असेल. त्या ताठ मानेने फळ्याकडे गेल्या, ओळ लिहिली, अधोरेखित केली, वर्गाकडे वळल्या आणि म्हणाल्या,

"समजलं? उतरवून घ्या."

वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं की आपण इथे विद्यार्थिनी आहोत. पण सवय त्यांची एकटीचीच नव्हती. निम्म्या वर्गाने ओळ उतरवून घेतली होती.

शेवटच्या बाकावरून सर म्हणाले, "मला नाही समजलं."

"कुठली ओळ, सर?"

"एकच आहे."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"हे असं का होतं?" सरांनी विचारलं.

"नियम आहे, सर."

"कुणी केला?"

सरांच्या आवाजात टोमणा नव्हता. नियम करणाऱ्याचा पत्ता मिळाला तर संध्याकाळी जाऊन भेटून येईन, असा त्यांचा चेहरा होता. टोमणा असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"रेघ मारा आणि खालून पुढं चला," सर म्हणाले.

बाईंनी ओळीवर रेघ मारली. रेघ सरळ आली. त्यापुढे सात मिनिटं काहीच आलं नाही. खडू मधोमध मोडला, तेवढी एक घटना घडली. मग सरांनी घड्याळ पाहिलं, चाकांचा तो फळा ढकलून खिडकीपाशी लावायला सांगितला आणि दुसऱ्या मुलाच्या हाती डबा दिला. अपुरे फळे खिडकीपाशी उभे करून ठेवायचे, ही तिथली पद्धत होती. पूर्ण करणारा आला तर पूर्ण करील. नाही आला तर शुक्रवारनंतर शिपाई ओल्या फडक्याने पुसून घेईल.

कॉलेजातल्या या विषयाचं अधिकृत नाव दोन ओळींचं होतं. मुलं त्याला 'चाळण' म्हणत. पहिले दोन आठवडे कुणीही येऊन बसावं. दुसऱ्या शुक्रवारी चारच्या आत कार्यालयाच्या खिडकीवर फॉर्म दिला की नाव पक्कं. नाही दिला तर कुणी काही विचारत नसे, आणि बहुतेकांना हीच सोय फार आवडे. वर्षाअखेर नऊ-दहा जण उरत. ते कायम झोप कमी पडल्यासारखे दिसत आणि जिन्यात भेटले की एकमेकांकडे बघून मान हलवत, पुरातून वाचलेल्या माणसांसारखे.

बाई या खोलीत पहिल्यांदा आल्या नव्हत्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्या तिसऱ्या बाकावर बसत. तेव्हाही सर हेच होते, केस काळे होते एवढंच. तेव्हाही डस्टर नव्हतं. फळ्यावर जायची आपली पाळी दुसऱ्या दिवशी आहे हे कळलं त्या संध्याकाळी त्यांनी व्यापारी गणिताला नाव घातलं आणि घरी सांगितलं की त्याला जास्त मागणी आहे. यंदा सर निवृत्त होणार होते. पुढच्या वर्षापासून विषय काळाला धरून सुधारण्यात येणार होता. म्हणजे फळ्याच्या जागी पडदा आणि सिद्धतेच्या जागी अ, ब, क, ड. नोकरी करणाऱ्या शिक्षकांना सकाळच्या एका विषयाला बसता येतं हे परिपत्रक शाळेच्या फलकावर लागलं, तेव्हा बाईंनी ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं.

फॉर्म त्यांनी सोमवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून भरला होता. 'या विषयाची पूर्वतयारी' या रकान्यात 'अध्यापनाचा बावीस वर्षांचा अनुभव' असं लिहून खाली गोल, मोकळी सही केली होती. ती सही सोमवारच्या बाईंची होती. मंगळवारी सकाळी फळ्यावरून परतल्या त्या बाई वेगळ्या होत्या.

शाळेत मुलं त्यांना ताळेबाई म्हणत. कुठलंही गणित सुटलं की "ताळा करून पाहा" हे त्यांचं वाक्य ठरलेलं. मुख्याध्यापिका पालकांना अभिमानाने सांगत, "आमच्या बाई फळ्यावर कधीच चुकत नाहीत." ते खरं होतं. ते खरं कसं राहिलं, हे फक्त बाईंना ठाऊक होतं. तासाआधीच्या सुट्टीत त्या रिकाम्या वर्गात जात, दार लोटून घेत, आज घ्यायची सगळी गणितं फळ्यावर सोडवत, पुसत, आणि तास सुरू झाला की तीच गणितं जणू आत्ताच भेटली अशा आविर्भावात पुन्हा सोडवत. बावीस वर्षांत मुलांनी त्यांना एकदाही विचार करताना पाहिलं नव्हतं. मुलांची समजूत अशी झाली होती की हुशार माणसांना तो करावा लागत नाही.

बुधवारी आठवीचा तास संपताना त्यांनी फळा पुसायला डस्टर उचललं आणि हात थांबला. हजार मुलं. त्यातल्या प्रत्येकाला त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, नियम आहे. नापास होण्याची भीती त्यांना नव्हती. सेहेचाळिसाव्या वर्षी नापास झालं तर घरचे हसतात आणि जेवायला वाढतात. पण आपल्याला गणित येतं की फक्त अक्षर चांगलं आहे, हे वर्षभर दर मंगळवारी सगळ्यांसमोर पुसता न येणाऱ्या फळ्यावर सिद्ध होणार होतं. आणि उत्तर एकदा कळलं की दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुन्हा सातवीवर जायचं होतं.

"बाई, पुसू का मी?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"बस खाली," बाई म्हणाल्या. जरा जोरातच.

बाईंचा नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. संध्याकाळी तो नखांतलं ग्रीस काढत बसला असताना बाईंनी त्याला सगळं सांगितलं. म्हणजे चिठ्ठीपर्यंतचं सांगितलं.

"मग सोड ना," तो म्हणाला. "कुणी बांधून ठेवलंय?"

"कुणी नाही."

"पगार वाढणार?"

"नाही."

"मग मेल्यावर विचारणार आहेत का वर, की बाई, चाळण केली होती का म्हणून?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"मला नाहीच कळायचं. मी लिफ्टवाला." त्याने ब्रश खाली ठेवला. "पण अडकलेली माणसं मी रोज बघतो. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली की त्यांना वाटतं आता दोर तुटणार. दोर कधीच तुटत नाही. घाबरून दार फाकवतात आणि मधूनच उडी मारायला बघतात, लागतं ते त्याने. म्हणून आम्ही फोनवर एकच सांगतो, काही करू नका, उभे राहा, मी येतोय."

"आणि तुम्ही येईपर्यंत?"

"येईपर्यंत घाबरायचं. दुसरं काय करणार?"

बाईंनी ग्रीसचं फडकं घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "इथं तुम्ही नाही ना येणार."

नवरा हसायला गेला आणि मध्येच थांबला. त्याने ब्रश पुन्हा उचलला आणि स्वच्छ झालेलं नखच परत घासायला घेतलं.

"नाही," तो म्हणाला. "त्या मजल्याची चावी नाही माझ्याकडे."

त्याला न सांगितलेली गोष्ट वेगळी होती. चाळणीचा गुरुवारचा सरावतास सरांची मदतनीस घेई. चोवीस-पंचवीसची, जाड चष्म्याची, संशोधन करणारी मुलगी. पहिल्याच दिवशी सरांच्या तासाला सरावाच्या प्रश्नांचा कागद देताना ती म्हणाली होती, "बाई! पुढं बसा ना." आणि बाईंनी तिला लगेच ओळखलं होतं. ही त्यांच्याच शाळेतली, जुन्या सातवी ब मधली. शिक्षकांच्या खोलीत हिचं नाव 'शंका' पडलं होतं. "शंकेचा तास आहे आता, डोक्याला बाम लावून जा," असं एकमेकांना सांगत. ऋण गुणिले ऋण धन का, हे हिने एकाच तासात चार वेळा विचारलं होतं, आणि चौथ्या वेळी बाईंनी हिला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

त्या आठवड्यातला सरावतास बाईंनी शाळेत तपासणी आहे असं सांगून चुकवला. तपासणी नव्हती. या गुरुवारी मात्र त्या आल्या. कागद परत करायचा, तब्येतीचं कारण सांगायचं आणि निघायचं. तास संपेपर्यंत त्या खाली सायकलींच्या शेडपाशी उभ्या राहिल्या आणि मुलं उतरून गेल्यावर जिना चढल्या. तीन मजल्यांत रुमालाने चार वेळा हात पुसून झाले.

खोलीत शंका एकटी होती. खिडकीपाशी, बाईंच्या फळ्यासमोर उभी राहून केळं खात होती.

"तुमचं अक्षर अजून तस्संच आहे," ती म्हणाली.

"पुसून टाक ते."

"मला परवानगी नाही. शिपायालाच आहे, आणि तीही शुक्रवारनंतर."

बाईंनी कागद पुढे केला. "हा तुझा कागद. माझी तब्येत जरा..." त्यांना कुठला आजार म्हणायचं ते ऐनवेळी सुचेना. "मी थांबत नाही म्हटलं."

शंकेने कागद घेतला नाही. तिच्या एका हातात केळं होतं आणि दुसऱ्या हातात खडू.

"तुला आठवत असेल," बाई म्हणाल्या. कागद अजून पुढेच धरलेला होता. "मी तुला बाहेर उभं केलं होतं."

"आठवतं की."

"प्रश्न विचारलास म्हणून."

"चार वेळा विचारला म्हणून. तुम्ही म्हणालात, बाहेर उभी राहा आणि विचार कर."

"असं म्हणाले मी?"

"हो. म्हणून मी उभी राहिले." तिने साल गुंडाळून खिडकीत ठेवली. "बाई, आपल्या वर्गाच्या व्हरांड्यातल्या खिडकीतून आतलं दिसायचं, माहितीये? मधली सुट्टी झाली, पोरं पळाली. मला आत बोलवायचं तुम्ही विसरलात. दार लोटलंत आणि फळ्यावर काहीतरी लिहायला लागलात. ऋण गुणिले ऋण. मग पुसलंत. परत लिहिलंत, परत पुसलंत. डबापण नाही उघडलात. तीनदा झालं. चौथ्यांदा अर्धं झालं तेवढ्यात घंटा वाजली. तुम्ही सगळं पुसून वर तारीख लिहिलीत."

बाईंना तो दिवस आठवत नव्हता. तारीख लिहिण्याचं मात्र पटलं. त्यांनी पुढे केलेला हात हळूच मागे घेतला.

"तू कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"का?"

"मला बरं वाटलं होतं." शंका फळ्याकडे बघत म्हणाली. "तोवर मला वाटायचं की हे सगळ्यांना कळतं, फक्त मलाच कळत नाही. मग दिसलं, बाईंनापण येत नाहीये. आणि त्या डबा सोडून ते शोधतायत. म्हटलं, म्हणजे यात काहीतरी असणार."

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवून पाहत होतं. बाईंनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा त्याच रेघेवर घातली.

"काय असतं ते?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक आला की तो सातवीतल्या कुणाचाही वाटला असता. "सांग ना. का धन होतं?"

"सांगू?" शंकेच्या चष्म्यामागे काहीतरी चमकलं. "की बाहेर उभं करू?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्स खांद्याला लावली, वळल्या आणि खरोखरच बाहेर जाऊन व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

व्हरांडा लांब होता. एका टोकाला पिण्याच्या पाण्याची टाकी होती आणि तिच्या नळातून थेंब गळत होता. बाईंनी थेंब मोजले, कारण मोजणं त्यांना येत होतं. साठाच्या पुढे कधीतरी मोजणं सुटलं. एखादी संख्या आणि तिचंच ऋण मिळवलं की शून्य. शून्याला कशानेही गुणा, शून्य. आणि कंस सोडवता येतो. तिन्ही गोष्टी त्या बावीस वर्षं शिकवत होत्या. पण पहिली तिसऱ्या धड्यात होती, दुसरी त्याच्या आधीच्या इयत्तेत आणि कंस पार नवव्या धड्यात. एकाच इमारतीत राहून जिन्यात कधी न बोललेल्या बिऱ्हाडांसारख्या त्या तिघी बाईंच्या डोक्यात राहत होत्या.

"बाहेर का उभ्या?" सर समोर येऊन थांबले होते. काखेत कागदांचा गठ्ठा होता.

"मला उभं केलंय, सर."

"कुणी?"

"माझ्या विद्यार्थिनीने."

सरांनी दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे. "बरं," ते म्हणाले, जणू हे टाइमटेबलातच होतं. "घाई करू नका."

ते दोन पावलं पुढे गेले तेव्हा बाईंच्याने राहवलं नाही. "सर, मी पूर्वी तुमच्या वर्गात होते. पंचवीस वर्षांपूर्वी. तिसऱ्या बाकावर."

सरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही आठवत," ते म्हणाले. "फळ्यावर आला होतात?"

"नाही."

"मग कसं आठवणार?" असं म्हणून ते गेले. ज्या नजरेला पाव शतक घाबरून काढलं तिने आपल्याला पाहिलंच नव्हतं, याचं बाईंना थोडं वाईटही वाटलं.

त्या आत गेल्या. फळ्यावर मारलेल्या रेघेखाली एक ओळ लिहिली. ती चुकली. डावा हात कठड्यावर गेला, रिकामा परत आला. बाईंनी रेघ मारली. ही वाकडी आली. तिच्याखाली त्यांनी लिहिलं: (−अ) × (ब + (−ब)) = ०.

शंकेने बराच वेळ पाहिलं. "हं," ती म्हणाली. "पुढं?"

"पुढचं येत नाही."

फळ्यापाशी उभं राहून हे शब्द त्यांनी कधी उच्चारले नव्हते. ते उच्चारल्यावर काहीतरी पडेल, निदान एखादं भिंतीवरचं घड्याळ तरी, अशी त्यांची अपेक्षा होती. काही पडलं नाही. शंका खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधत होती.

"मंगळवारी मग," ती म्हणाली.

यामुळे भीती गेली असं मात्र झालं नाही. शुक्रवारी बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारण 'वैयक्तिक', आणि साडेतीनला खिडकीपुढच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे सात जण होते. पाच असताना त्या रांगेतून बाहेर पडून पाणी पिऊन आल्या आणि पुन्हा शेवटी उभ्या राहिल्या. पुढच्या दोघी मुली घरी काय सांगायचं ते ठरवत होत्या. त्यांपैकी एक फॉर्म न देताच गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती बाईंनी लगेच ओळखली. पंचवीस वर्षांपूर्वी ती त्यांच्या चेहऱ्यावर होती. ती किती दिवस टिकते तेही त्यांना माहीत होतं.

चारला सहा मिनिटं कमी असताना त्या खिडकीशी पोचल्या. कारकुनाने फॉर्म घेतला, बोट ठेवून वाचत खाली आला.

"पूर्वतयारी... अध्यापनाचा बावीस वर्षांचा अनुभव," तो मोठ्याने म्हणाला. "वा."

"जरा द्या इकडे," बाई म्हणाल्या.

त्यांनी फॉर्म ओढून घेतला, 'अध्यापनाचा बावीस वर्षांचा अनुभव' यावर एक आडवी रेघ मारली आणि उरलेल्या जागेत लिहिलं, 'सातवीपर्यंत'. पेन दोनदा अडलं.

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "हे काय केलंत? खाडाखोड चालत नाही. नवीन फॉर्म घ्या, तिकडे झेरॉक्सवाल्याकडे मिळेल."

"चार वाजतील."

"वाजतीलच."

"राहू दे असंच."

मागून कुणीतरी "अहो आटपा" म्हणालं. कारकुनाने सुस्कारा सोडला. "मग जिथं खोडलंय तिथं शेजारी सही करा. खोडलं ते मीच खोडलं, म्हणून."

बाईंनी सही केली. पहिल्या अक्षरापासूनच हात थरथरत होता, आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरलं तरी शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलं. कारकुनाने फॉर्म उजेडाकडे धरला. खाली सोमवारची सही होती, गोल आणि मोकळी. वर ही. तो एकीकडून दुसरीकडे पाहत राहिला, आणि मागच्या घड्याळाचा काटा चारकडे एक घर सरकला.

"बाई," तो म्हणाला, "या दोन्ही सह्या तुमच्याच आहेत ना?"

बाईंनी खिडकीच्या गजांतून आत वाकून दोन्ही नीट पाहिल्या.

"असाव्यात," त्या म्हणाल्या. "ताळा करून पाहावा लागेल. वर्षभर तरी जाईल."

कारकुनाने शिक्का उचलला.